पाण्याची पारख कोणीं करावी ?

आमच्या कामठींत पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं करण्याची चाल आहे. पाणी पेल्यांत घेऊन उजेडाकडे धरावें. तळाशीं गाळ दिसला नाहीं तर तें चांगलें समजावें, दिसला तर तुरटीचा खडा दोन वेळां फिरवून रात्रभर निवळूं द्यावें. इतकें झालें कीं घरांतील वडील माणसांचें समाधान होतें. ही चाल अगदींच टाकाऊ आहे असें माझें म्हणणें नाहीं. तुरटीनें गढूळपणा खालीं बसतो, निवळीच्या बियांनींहि बसतो, आणि निवळीचा हा गुण सुश्रुतसंहितेंत सांगितलेला आहे. परंतु गेल्या सत्रांत आमच्या शास्त्राच्या वर्गांत एक लहानसा प्रयोग झाला, आणि त्या दिवसापासून या नेत्रपरीक्षेवरील माझा विश्वास उडाला. हा लेख त्या प्रयोगामुळें लिहिला जात आहे.

प्रयोगास फारसें साहित्य नव्हतें. बोटभर उंचीची कांचेची बाटली व तिच्यांत औषधांत भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी, एवढेंच. बाटलींत खुणेपर्यंत पाणी भरावें, बूच घट्ट लावावें, व ती एकदोन दिवस उबदार जागीं ठेवावी. पाण्यांत मळावाटे आलेले जंतु असतील तर त्यांच्या वाढीबरोबर एक वायु उत्पन्न होतो आणि त्यायोगें पाणी काळें पडतें. नसतील तर रंग पालटत नाहीं. ही युक्ति ग्वाल्हेर येथील संरक्षण-संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केली. तिचें मोठेपण असें कीं तिला सूक्ष्मदर्शक यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं, आणि निकाल वाचावयास अक्षरओळखहि लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं चार ठिकाणचें पाणी आणिलें होतें : एक कन्हानच्या घाटावरचें, एक घरच्या नळाचें, एक हापशाचें, आणि एक जुन्या वस्तींतील विहिरीचें. ही विहीर गोड पाण्याबद्दल नांवाजलेली आहे; डाळ शिजवावयास व चहास तिचेंच पाणी हवें असा तिकडील कित्येक घरांचा हट्ट असतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कपाट उघडून पाहिलें. नळाचें पाणी जसेंच्या तसें होतें, हापशाचेंहि होतें. नदीचें काळवंडूं लागलें होतें. विहिरीचें मात्र दौतींतील शाईसारखें झालें होतें. ज्या विद्यार्थ्यानें तें आणिलें होतें तो बराच वेळ बाटलीकडे पहात उभा राहिला व मग हळूच म्हणाला, "सर, घरीं काय सांगूं ? आजी म्हणेल, साठ वर्षें हेंच पाणी पितों आहों."

मला त्या वेळीं धड उत्तर देतां आलें नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. जंतूंचीं लांबलचक नांवें मीं फळ्यावर लिहूं शकलों असतों. पण आजीला नांवांशीं काय करावयाचें होतें? तिच्या पदरीं साठ वर्षांचा अनुभव होता आणि आमच्या हातीं एक काळी बाटली. या दोहोंच्या मध्यें जें कांहीं बोलावयास हवें, तें आमच्या पाठ्यपुस्तकांत छापलेलें नाहीं.

वास्तविक पाहतां पाण्याविषयींच्या ज्ञानाची आमच्या भागांत टंचाई मुळींच नाहीं. १९५५ सालच्या अखेरीस दिल्ली शहरांत काविळीची मोठी सांथ आली. यमुनेचें पात्र सरकून नजफगड नाल्याचें सांडपाणी शहराच्या नळयोजनेच्या तोंडाशीं आलें होतें, आणि डोळ्यांस शुद्ध दिसणारें, औषध घातलेलें नळाचें पाणी पिऊन सुमारें २९,००० लोक काविळीनें आजारी पडले. त्यानंतर थोड्याच काळानें, १९५८ सालीं, पाणी व सांडपाणी यांच्या अभ्यासाकरितां एक केंद्रीय संशोधन संस्था निघाली, आणि ती दिल्लीस न निघतां नागपुरास निघाली. १९७४ पासून तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात् लोकांच्या तोंडीं असलेली 'नीरी', असें म्हणतात. पुराच्या दिवसांत गढूळ पाणी जागच्या जागीं पिण्याजोगें करणारें 'नीरी-झर' नांवाचें गाळणें तिनेंच तयार केलें. नागपूरचें विद्यापीठ तर १९२३ पासूनचें. कामठीपासून हीं दोन्हीं विद्येचीं स्थानें नऊदहा मैलांच्या आंत आहेत.

गंमत अशी कीं, विद्वानांस आमच्या गांवाची जी ओळख आहे ती आम्हां गांवकऱ्यांसच नाहीं. हिंदुस्थानच्या भूगर्भशास्त्राचें कोणतेंहि पुस्तक उघडावें, त्यांत 'कामठी थर' म्हणून एका वालुकाश्माचें वर्णन सांपडतें. हा दगड भरड व सच्छिद्र असल्यामुळें पाणी धरून ठेवण्यांत त्याची योग्यता मोठी समजली जाते. १८४५ सालीं नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप हे पेशानें शिक्षक व मिशनरी. पण त्यांनीं आपले मित्र हंटर यांच्यासह या भागांतील दगड व त्यांतील पानांचे ठसे गोळा केले, त्यांवर लंडनच्या विद्वानांसाठीं निबंध लिहिला, आणि १८६३ सालीं टाकळघाटाहून परततांना पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला. ज्या पाण्यानें हे थर कोट्यवधि वर्षांपूर्वीं रचिले त्याच्याच एका लोंढ्यानें त्यांचा अभ्यास करणारास ओढून न्यावें, हा योग मनास चटका लावतो. असो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, सच्छिद्र दगड पाणी जसें सहज धरतो तसेंच तो घाणहि सहज आंत घेतो. आणि ही गोष्ट शंभर विद्वानांस ठाऊक असून ज्याची विहीर त्या दगडांत खणलेली आहे त्यास ती ठाऊक नसते.

हें अंतर नऊदहा मैलांचें नाहीं. संशोधक येतो, बाटली भरतो, तिच्यावर चिठ्ठी डकवितो व निघून जातो. पुढें वर्षादोन वर्षांनीं कोठल्याशा इंग्रजी मासिकांत एक कोष्टक छापून येतें, त्यांत आमची विहीर 'नमुना क्रमांक अमुक' या नांवानें वावरते. विहिरीच्या धन्यास त्याची दादहि नसते. मी कोणा एका संस्थेस दोष देत नाहीं; सर्व जगांत पदव्या व बढत्या छापील निबंधांवर मिळतात, विहिरीच्या कांठावर सांगितलेल्या चार शब्दांवर मिळत नाहींत. पण यामुळें संशोधनाचें काम अर्धवटच रहातें, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्याचें पाणी तपासलें त्याला निकाल त्याच्या भाषेंत कळविल्याखेरीज ती तपासणी पुरी झाली असें समजूं नये.

या ठिकाणीं लंडनची एक जुनी हकीकत सांगणें अवश्य आहे. १८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीट नामक रस्त्याच्या आसपास पटकीनें दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मेलेल्यांचीं घरें नकाशावर मांडून दाखविलें कीं रोगाचें मूळ रस्त्यावरच्या पंपाच्या पाण्यांत आहे, आणि पंपाचा दांडा काढविला. इतकी गोष्ट आमच्या पुस्तकांतून असते. जी नसते ती अशी. त्याच वस्तींत हेन्री व्हाइटहेड नांवाचे एक तरुण धर्मोपदेशक होते. त्यांस डॉक्टरांचें म्हणणें मुळींच पटलें नाहीं. तें खोडून काढावें याच हेतूनें ते घरोघर हिंडूं लागले. एकेका घरीं चारचार पांचपांच वेळां गेले. कोण आजारी पडलें, कोणीं कोठलें पाणी प्यालें, हें विचारीत गेले. आणि विचारतां विचारतां त्यांचेंच मत पालटलें. पुढें त्यांनाच असें आढळून आलें कीं, पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरांत एक तान्ही मुलगी प्रथम आजारी पडली होती व तिच्या आईनें दुपट्यांचें पाणी घरासमोरच्या खड्ड्यांत ओतलें होतें. खणून पाहतां त्या खड्ड्याचें व विहिरीचें बांधकाम दोन्हीं ढिलीं झालेलीं निघालीं. मध्यें तीन फुटांचेंहि अंतर नव्हतें. डॉक्टरांनीं नकाशा काढिला खरा, पण त्या आईच्या दाराशीं जाऊन बसण्यास त्या वस्तींतला, लोकांच्या ओळखीचा माणूस लागला. त्याची शंका हीसुद्धां उपयोगी पडली. नुसती मान डोलावणारा सोबती मिळाला असता तर तो खड्डा बहुधा सांपडलाच नसता.

दुसरी हकीकत आपल्या शेजारची व अलीकडची आहे. बांगलादेशांतील मतलब या भागांत लोक तळ्यांचें व नदीचें पाणी पितात आणि तेथें पटकीची सांथ नित्याची. पटकीचे जंतु पाण्यांतील अतिसूक्ष्म किड्यांस चिकटून रहातात, हें अमेरिकेंतील मेरिलँड विद्यापीठाच्या प्राध्यापिका रीटा कॉल्वेल यांस त्यांच्या संशोधनांतून कळलें होतें. जंतु कापडांतून पार होईल, पण किडा होणार नाहीं. मग कोणतें कापड चांगलें याचा शोध झाला, आणि महागडीं जाळीचीं वस्त्रें बाजूस राहून पसंती मिळाली ती जुन्या, अनेकदां धुतलेल्या सुती साडीस. धुऊन धुऊन तिचे धागे पिंजले जातात व भोकें बारीक होतात. अशी साडी चौघडी करून घागरीच्या तोंडावर धरावी, पाणी गाळावें, आणि साडी धुऊन उन्हांत वाळवावी, एवढेंच खेड्याखेड्यांतील स्त्रियांस शिकविलें. २००३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : पटकीचें प्रमाण ४८ टक्क्यांनीं घटलें होतें. आमच्या आज्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानें हंड्याचें तोंड बांधीत; ती गोष्ट विद्यापीठानें मोजून, तपासून, कशाकरितां व किती घड्या हें सांगून परत बायांच्या हातीं दिली, हा त्यांतील मला सर्वांत आवडलेला भाग. तथापि हीहि गोष्ट अर्धी सांगणें बरें नव्हे. पांच वर्षांनीं पुन्हां जाऊन पाहिलें तेव्हां पाणी गाळणाऱ्या स्त्रिया सुमारें ३१ टक्केच उरल्या होत्या. शिकविणें हें लसीसारखें एकदां टोंचून भागत नाहीं.

आपल्या कामठीस लोकशिक्षण नवें आहे असें मात्र कोणीं म्हणूं नये. १९२७ सालीं बाबू हरदास यांनीं येथें रात्रशाळा चालविली. तींत एका वेळीं ८६ मुलगे व २२ मुली शिकत असल्याची नोंद आहे. त्या काळीं २२ मुली ही संख्या लहान नव्हे. संत चोखामेळ्याच्या नांवाचें वाचनालयहि त्यांनीं काढिलें होतें. त्याच वर्षीं, २० मार्च रोजीं, महाडास डॉक्टर आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्यानंतर तेथील सनातनी मंडळींनीं तळें 'शुद्ध' करावयाचें म्हणून त्यांत १०८ घडे ओतले, आणि त्या घड्यांत शेण व गोमूत्र होतें ! पाण्याचें रक्षण म्हणजे काय याविषयीं आपल्या समाजाची समजूत किती उलटी झाली होती हें यावरून दिसतें. शतकानुशतकें आपण विहिरींवर पहारा केला तो माणसाच्या स्पर्शाविरुद्ध. विहिरीच्या शेजारचा उकिरडा, शेणखई व मोरी यांस कोणीं अडविलें नाहीं. आजहि 'आमच्या विहिरीवर कोणी परकें येत नाहीं, म्हणून पाणी चांगलें' असें बोलणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. बाटलींतील कागदाच्या पट्टीस जात कळत नाहीं, आणि माझ्या मतें मुलांच्या हातीं ती द्यावी याचें हेंहि एक कारण आहे.

येथवर जी घाण सांगितली ती जिवंत घाण. ती उकळल्यानें मरते, क्लोरीननें मरते, चौघडी साडीनेंहि बरीच अडते. घरची बाई शहाणी झाली कीं तिचा पाडाव होतो. परंतु दुसरी एक घाण आहे, आणि कामठीकरांनीं तिच्याविषयीं अधिक जागरूक असावें. कन्हान छिंदवाड्याकडील सातपुड्यांत उगम पावते, व आमच्या वरच्या अंगास पेंच आणि कोलार या नद्या तिला मिळतात. म्हणजे कोलार जें आणील तें आमच्या घाटावरून जाणार. कोलारेच्या आसपास कोराडी व खापरखेडा हीं दोन मोठीं वीजकेंद्रें आहेत. आपल्याकडील कोळशांत ३० ते ४० टक्के राख असते. ती पाण्यांत कालवून नळांवाटे मोठमोठ्या तळ्यांत सांठवितात. जुलै २०२२ मध्यें, भर पावसाळ्यांत, कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला, आणि राखेचा लोंढा शेतें तुडवीत नाल्यांतून नदीकडे गेला. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२१ सालीं, मंथन अध्ययन केंद्र, सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट व असर या तीन संस्थांनीं या दोन केंद्रांच्या परिसरांतील पाणी तपासून अहवाल काढिला होता. त्यांत कांहीं ठिकाणीं पारा व आर्सेनिक यांसारखीं विषारी द्रव्यें मर्यादेबाहेर आढळल्याचें नमूद आहे.

आतां या घाणीपुढें आजीनें काय करावें ? आर्सेनिक उकळून जात नाहीं. उलट पाणी आटतें व विष दाटतें. साडी चार घड्यांची असो कीं सोळा, विरघळलेला धातु तिच्यांतून निघून जातो. आमची काळी बाटली येथें आंधळी आहे. या पाण्यानें ती स्वच्छच राहील, आणि तिच्याकडे पाहून आपण निर्धास्त झालों तर ती आपला घातच करील. म्हणून मला असें वाटतें कीं, 'पाणी उकळून प्या' एवढ्यावर थांबणारें लोकशिक्षण हें कधीं कधीं लबाडीचें असतें. जो दोष घरचा नाहीं त्याचा भार तें मुकाट्यानें घरावर, आणि घरांतहि चूल पेटविणाऱ्या बाईवर टाकतें. जेथें उपाय घरीं आहे तेथें उपाय शिकवावा. जेथें तो घरीं नाहीं तेथें कोणास जाब विचारावा हें शिकवावें. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यानें नदींत घाण सोडण्यास मनाई केली आहे, त्यावर देखरेख ठेवण्यास प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, आणि २००५ च्या माहितीच्या कायद्यानें त्या मंडळाकडील पाणीतपासणीचे आंकडे कोणाहि नागरिकास अर्ज करून मागतां येतात. असा अर्ज शुद्ध मराठींत कसा लिहावा हें आमच्या निबंधाच्या तासास शिकविलें गेलें तर 'माझा आवडता ऋतु' या विषयाचें कांहीं बिघडणार नाहीं.

वीज नको असें म्हणणारांपैकीं मी नव्हे; हा लेख ज्या दिव्याखालीं लिहिला जात आहे तो त्याच वीजकेंद्रांच्या जोरावर जळत असेल. पण वीज वापरणारानें राख कोठें जाते हें विचारूं नये, असा कांहीं नियम नाहीं.

शिवाय दगडांतूनच येणारी एक तिसरी घाण आहे, तिचा नुसता उल्लेख करितों. यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांत कित्येक गांवांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आहे. पाणी कांचेसारखें नितळ, आणि मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग. त्यावर नीरीनें 'नालगोंडा' पद्धत शोधून काढिली ती तुरटी व चुना यांच्याच बळावर. म्हणजे आजीचीच तुरटी. फक्त तिचें माप ठरविण्यास प्रयोगशाळा लागली. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवास पुढें त्याच संस्थेनें उन्हाच्या विजेवर चालणारें यंत्रहि उभारून दाखविलें.

आमच्या विदर्भांतील दोन विद्यापीठांचीं नांवें मला या बाबतींत फार बोलकीं वाटतात. अमरावतीचें विद्यापीठ, १९८३ सालचें, संत गाडगे बाबांच्या नांवाचें आहे. नागपूरच्या विद्यापीठास २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे. एकानें हातांत खराटा घेतला, दुसऱ्यानें खंजिरी. गाडगे बाबा गांवांत शिरत ते झाडीतच, आणि रात्रीं कीर्तनांत लोकांस प्रश्न विचारीत. उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. ज्या विद्यापीठांनीं हीं नांवें धारण केलीं त्यांच्या रसायन, सूक्ष्मजीव व भूगर्भ या शाखांनीं निदान एवढें करावें : ज्या गांवांतून पाण्याचा नमुना न्यावा तेथल्या ग्रामसभेंत अथवा शाळेंत परत येऊन निकाल मराठींत वाचून दाखवावा, व कामठीसारख्या ठिकाणीं हिंदी आणि उर्दूंतहि. यास अनुदान फारसें लागणार नाहीं. एक दुपार लागेल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, पोरांच्या परीक्षेवर काय विसंबावें ? बरोबर आहे, विसंबूं नये. काळी बाटली हा निकाल नव्हे, ती हांक आहे. खरा निकाल प्रयोगशाळेंतच लागावयाचा. परंतु २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन योजनेंत प्रत्येक गांवच्या पांच स्त्रियांस पाणी तपासावयास शिकवावें असें ठरलें, आपल्या ग्रामपंचायतींत जलसुरक्षक असतो, तो नळाच्या पाण्यांत ओ. टी.चा थेंब टाकून पिवळा रंग येतो कीं नाहीं हें पाहतो; पाण्याच्या व्यवस्थेप्रमाणें ग्रामपंचायतीस लाल, पिवळें वा हिरवें कार्ड मिळतें. मग दहावीच्या वर्गास हें जमणार नाहीं असें कां मानावें ? दुसरा आक्षेप असा कीं, लोक ऐकत नाहींत. हा आक्षेप मीं स्वतःहि पुष्कळदां घेतला आहे, आणि म्हणून त्या विहिरीचें पुढें काय झालें तें सांगतों.

तो विद्यार्थी बाटली घरीं घेऊन गेला. आजीनें ती हातांत घेऊन पाहिली, आणि 'यांत शाई कोणीं घातली ?' म्हणून विचारिलें. तिला पटलें नाहीं. मग तिच्या समक्ष दुसरी बाटली भरली, आणि तिच्याच सांगण्यावरून तिसरी, नळाच्या पाण्याची. दोन्हीं देवघराच्या कोनाड्यांत ठेविल्या. दुसऱ्या दिवशीं एक काळी व एक स्वच्छ. तेव्हां ती आपणहून म्हणाली, "आमच्या लहानपणीं पटकी आली कीं माणूस येऊन विहिरींत लाल औषध टाकीत असे. तें याचकरितां होय ?" इतक्या वर्षांपूर्वीं टाकलेलें तें लाल औषध कशाकरितां, हें तिला त्या वेळीं कोणीं सांगितलेंच नव्हतें. पुढें शेजारच्या घरांतील शौचकूपाचा खड्डा विहिरीपासून फारच जवळ असल्याचें मुलांनीं टेप धरून मोजून दाखविलें. शेजारी रागावले, तो राग अजून पुरता गेलेला नाहीं. आजी चहास मात्र अद्याप त्याच विहिरीचें पाणी घेते, चांगलें खळखळून उकळलें म्हणजे झालें असें म्हणते, आणि या विहिरीपुरतें तिचें म्हणणें खोटें नाहीं. पिण्याचें पाणी नळावरून येतें.

शास्त्राच्या खोलींत अजून कांहीं बाटल्या शिल्लक आहेत. ज्या वाचकांस आपल्या विहिरीचें अथवा हापशाचें पाणी तपासून पाहावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. बाटली आंतून धुवूं नये, पट्टीवरील औषध धुऊन जातें. बुचाच्या आंतल्या बाजूस बोट लावूं नये. हापसा असल्यास प्रथम थोडा वेळ पाणी वाहूं द्यावें. आणि भरल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. निकाल शाळेच्या फाटकाजवळील फळ्यावर तीन भाषांत लिहिला जाईल. ज्यांस आपलें नांव फळ्यावर नको असेल त्यांनीं तसें सांगावें, त्यांना तो घरीं येऊन सांगूं.